पान तीनवरची शेवटची चूक

आमच्या वार्षिकाला यंदा सत्त्याण्णव वर्षं पूर्ण झाली. त्यातली पहिली नव्वद वर्षं ते शेतकऱ्यांसाठी निघत होतं. गेली सात वर्षं कोणासाठी निघतंय, ते काढणाऱ्यांनाही सांगता यायचं नाही.

ज्यांनी ते कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. वर्ष सुरू व्हायच्या आत विकत घ्यायचं, डाव्या कोपऱ्यातल्या भोकात सुतळी ओवायची आणि गोठ्यातल्या नाहीतर स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगायचं, असं ते पुस्तक. दर महिन्याला दोन पानं. सूर्य कधी उगवणार, चंद्र कधी, कुठल्या आठवड्यात काय पेरायचं, कोंबडी किती दिवस अंड्यांवर बसते, गाय किती महिन्यांनी विते, आणि आठवड्या-आठवड्याचा हवामानाचा अंदाज. हा अंदाज वर्षभर आधी छापलेला, त्यामुळे तो कितपत खरा निघणार हे शेंबड्या पोरालाही कळेल. आम्हालाही कळत होतं, आणि आम्ही तसं छापून सांगत होतो. आमची जी काही अब्रू होती ती एवढीच.

मी इथे एकवीस वर्षं पानं लावते. म्हणजे मजकूर, चित्रं, कोष्टकं संगणकावर जागच्या जागी बसवते. तेव्हा गेल्या सात वर्षांत या पुस्तकाचं जे काही झालं ते माझ्याच हातून झालं, हेही आधीच सांगून टाकते.

सात वर्षांपूर्वी थोरले मालक वारले आणि धाकटे मालक बाहेरून शिकून आले. काय शिकून आले ते अजून उघड झालेलं नाही. पहिल्या वर्षी त्यांनी मुखपृष्ठावर शेतकरी आणला. इस्त्रीचा सदरा, स्वच्छ नखं आणि हातात गव्हाची एकच ओंबी, फोटो काढायला आलेल्याने नुकतीच दिलेली. दुसऱ्या वर्षी 'तुमचा या महिन्याचा रंग' आला. ऑगस्टचा रंग जांभळा. चिखलात गुडघाभर उभ्या असलेल्या माणसाने या माहितीचं काय करायचं, ते त्याचं त्याने बघावं. तिसऱ्या वर्षी गुरांच्या आजारांची चार पानं गेली आणि तिथे 'हसतमुख राहण्याच्या वीस युक्त्या' आल्या. गाय फुगली तर हसा. चौथ्या वर्षी कोपऱ्यातलं भोक बंद झालं, का तर त्याने मुखपृष्ठाची शोभा जाते. लोकांनी घरीच खिळा ठोकून भोक पाडलं. मी पाहिलेल्या बहुतेक प्रतींत ते त्या इस्त्रीवाल्याच्या कपाळात आहे.

एवढं सगळं बदललं तरी एका पानाला धाकट्या मालकांना हात लावता येत नव्हता. ते म्हणजे पान तीन.

त्याची हकीकत अशी. पहिल्याच वर्षीच्या पुस्तकात आमच्या संस्थापकांनी छातीठोकपणे छापलं होतं, की फेब्रुवारीचा तिसरा आठवडा उबदार जाईल. त्याच आठवड्यात दंव गोठलं. एक बाई लाकडी खोक्यात काळी पडलेली रोपं घेऊन कार्यालयात आली, ते खोकं तिने त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "थंडी तुमच्या पुस्तकात नव्हती, माझ्या वाफ्यात होती. हे पण छापा." एवढं बोलून ती खोकं तिथेच ठेवून निघून गेली. पुढच्या वर्षी पान तीनवर मथळा आला, 'गेल्या वर्षी आमचं काय चुकलं', आणि खाली महिनावार यादी. तेव्हापासून एकही वर्ष ते पान चुकलं नाही.

ही यादी करायचं काम सदतीस वर्षं नानांकडे होतं.

कागदोपत्री त्यांचा हुद्दा पडताळणी-लेखनिक. सगळे त्यांना चूकवाले नाना म्हणायचे. तोंडावर नाना, पाठीमागे नुसतं चूकवाले. सकाळी बरोबर आठला ते कार्यालयाच्या गच्चीवर जायचे. तिथे पावसाचं माप, जाळीच्या पेटीतला तापमापक आणि कबुतरांनी घाण केलेली एक खुर्ची. आकडे पेन्सिलीने टिपायचे आणि खाली येऊन वाचकांची पत्रं फोडायची. पत्रं बुटांच्या खोक्यांत, एका महिन्याला एक खोकं. बुटांची बारा खोकी जमवण्यासाठी त्यांनी नातेवाइकांच्या पायांवर अनेक वर्षं लक्ष ठेवलं होतं.

माणूस म्हणून नाना असह्य होते, यात मी साखर घालणार नाही. "मालक आत्ताच आले" असं म्हणावं तर "आत्ताच नाही, दहा वाजून अकरा मिनिटांनी." "किती ऊन आहे हो" म्हणावं तर ते आकडा सांगायचे. यादी करतानाही तोच काटेकोरपणा. एका वर्षी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस पडेल असं आम्ही छापलं होतं आणि भुरभुर झाली. नानांनी लिहिलं, 'पडला, पण पाऊस म्हणावा असा नाही. अर्धी चूक.' त्यांच्याकडे अर्ध्या चुका असायच्या, पाव चुकाही असायच्या. त्या पाव चुकीपायी त्यांनी एकदा अख्खं पान माझ्याकडून तीनदा लावून घेतलं होतं, आणि मी घरी जाऊन त्यांच्या नावाने बोटं मोडली होती.

घरी त्यांचं याहून पुढचं होतं. वर्षाच्या शेवटच्या रविवारी नाना एका वहीत स्वतःच्या वर्षभरातल्या चुका लिहायचे आणि बायकोला वाचून दाखवायचे. काकू एकदा मला म्हणाल्या, "मी ऐकून घेते आणि त्यांच्या लक्षात न आलेल्या तीन-चार सांगते. त्या पण लिहितात, वाद घालत नाहीत. लग्नाला चाळीस वर्षं झाली, एवढं एक सुख आहे."

आणि तरीही लोक आमचं पुस्तक घ्यायचे ते या असह्य माणसामुळे. दर वर्षी स्वतः येऊन प्रत नेणारा एक भाजीवाला होता. तो उभ्या उभ्या आधी पान तीन उघडायचा. मी त्याला विचारलं तर म्हणाला, "तिथे चुका कमी दिसल्या की समजायचं, यंदा लपवाछपवी आहे." थोरल्या मालकांनाही ते कळत होतं. जाण्याआधी त्यांनी सगळ्यांदेखत मुलाला बजावलं होतं, की नाना इथे आहेत तोवर पान तीन राहील. धाकटे मालक तो शब्द पाळत होते. म्हणजे पान तीनला हात न लावता ते नानांच्या जाण्याची वाट बघत होते.

मग मी ती चूक केली.

प्रत्येक महिन्याच्या पानावर खाली चंद्राची पट्टी असते. रोजचा चंद्र केवढा, अमावस्या कधी, पौर्णिमा कधी. तारखा नाना काढून द्यायचे, मी पट्टी लावायची, नाना लाल पेन्सिलीने एकेक तारीख तपासून खूण करायचे आणि खाली सही. त्या वर्षीच्या मार्चच्या पट्टीवर अशी सही झालेली होती. त्यानंतर ट्रॅक्टरवाल्यांना आपली जाहिरात अर्धा इंच उंच हवी झाली. जागा करायला पट्टी बारीक करायची होती. धाकटे मालक माझ्या खुर्चीमागे उभे राहून फोनवर कोणाला तरी सांगत होते, की आमच्याकडे सगळं एकदम अचूक असतं. मी पट्टी उघडली, बारीक केली, बसवली आणि पान छापायला सोडलं. उघडलेली पट्टी आदल्या वर्षीची होती. मालक डोक्यावर उभे होते हे कारण मी पुढे करत नाही. चुकीची पट्टी मी उघडली.

पौर्णिमा सोळा मार्चला होती. आम्ही छापली सत्तावीसला.

हवामान चुकलं तर लोक समजून घेतात. चंद्र चुकला तर काय बोलणार? तो सगळ्यांच्या डोक्यावर असतो. कोणीतरी पुस्तक एका हातात आणि वरचा गोल चंद्र मागे, असा व्हिडिओ काढला. लाखो लोकांनी तो पाहिला. आधी धाकटे मालक खूश झाले, आपल्याबद्दल बोललं जातंय म्हणून. काय बोललं जातंय ते त्यांनी दोन दिवसांनी ऐकलं.

पत्रं टोपलीभर आली. मार्चचं खोकं फुटलं तेव्हा नानांनी एप्रिलचं रिकामं खोकं घेतलं. एक पत्र त्यांनी आम्हाला दोनदा वाचून दाखवलं. कोणा आजीबाईंचं होतं, वय वर्षं एक्याऐंशी. 'मी चंद्र बघून भोपळे लावते. सत्तावीस तारखेला तुमचं पुस्तक बघून अंगणात आले तर वर काहीच नाही. आकाश स्वच्छ होतं. मला वाटलं, माझे डोळे गेले. मुलाला त्रास नको म्हणून कोणाला बोलले नाही, चार दिवस तशीच राहिले. नंतर एकटीच डॉक्टरकडे गेले. ते म्हणाले, डोळे ठीक आहेत. मग चंद्र कुठे होता?'

म्हणजे या बाईने स्वतःच्या डोळ्यांपेक्षा आमच्या पुस्तकावर जास्त विश्वास ठेवला होता. पत्र घडी करून नानांनी खिशात घातलं, खोक्यात नाही. दुपारी ते माझ्या टेबलाशी आले.

"ही गेल्या वर्षीची पट्टी आहे."

"हो."

"तुला कधी कळलं?"

"सोळालाच. संध्याकाळी गच्चीवर कपडे काढायला गेले होते, तर वर गोल चंद्र."

"आणि बोलली नाहीस."

"नाही."

"बरं," असं म्हणून ते निघून गेले. अख्ख्या सदतीस वर्षांत त्यांनी कोणाची चूक 'बरं' म्हणून सोडली असेल तर ती एवढीच. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

वर्ष संपत आलं आणि ट्रॅक्टरवाल्यांनी पुढच्या वर्षी जाहिरात देणार नाही असं कळवलं. मग धाकट्या मालकांनी सगळ्यांना वरच्या खोलीत बोलावलं. शांतपणे बोलले, बाहेरून शिकलेले लोक शांतपणेच बोलतात. "चंद्र कोणी चुकवला ते मला पान तीन छापायच्या आत कळलं पाहिजे. तो माणूस पुढच्या वर्षी आपल्यात नसेल." खोलीत सहा माणसं होती. पाच जणांना खरंच माहीत नव्हतं किंवा खरंच माहीत होतं, पण पाचही जण माझ्याकडे बघत नव्हते. मी खाली बघत होते. फरशीचा एक तुकडा कसा उडालाय ते मला अजून कागदावर काढून दाखवता येईल.

घरी मिळवती मी एकटी होते. सबब म्हणून सांगत नाही. नानांना ते माहीत होतं, म्हणून सांगते.

दुसऱ्या दिवशी नानांनी पान तीनचा कागद माझ्यापुढे ठेवला. नेहमीसारखी पेन्सिल, नेहमीसारख्या रेघा. जानेवारीत दीड चूक, फेब्रुवारीत दोन. मार्चपुढे लिहिलं होतं, 'पौर्णिमा सोळा तारखेला होती. आम्ही सत्तावीस छापली. चूक पडताळणी करणाऱ्याची.'

"नाना, हे खरं नाही."

"पानात बसतंय का बघ."

"पण तुम्ही गेलात तर पान तीन जाईल. तेवढ्यासाठीच टपलेत ते."

"मला माहितीय." त्यांनी पिशवीतून आणखी एक कागद काढला. मार्चच्या पट्टीची तपासलेली प्रत, सोळा तारखेवर लाल खूण, खाली सही. "हे माझ्या कपाटात राहिलं तर कोणाच्या तरी हाती लागेल. तुझ्याकडे ठेव, नाहीतर फाडून टाक."

पाव चुकीसाठी पान तीनदा लावून घेणारा हा माणूस माझ्यापुढे उभा राहून धडधडीत खोटं छापायला देत होता. मी काय केलं? अक्षरं टाइप केली. ओळ पानात बसत नव्हती म्हणून दोन शब्दांमधली जागा कमी केली. मग बसली.

निरोप समारंभ वरच्याच खोलीत झाला. धाकटे मालक पंधरा मिनिटं बोलले. नाना म्हणजे नुसती व्यक्ती नाही, नाना म्हणजे परंपरा, आपली चूक मान्य करण्याची आपली थोर परंपरा, आणि ती आपण मनात कायम जपणार आहोत. मनात जपणार होते, कारण पुस्तकातून ती काढायचं आदल्याच दिवशी ठरलं होतं. पुढच्या वर्षी पान तीनवर 'आमचे अचूक ठरलेले अंदाज'. शेवटी नानांना चौकटीत बसवलेलं मुखपृष्ठ भेट दिलं, इस्त्रीवाल्या शेतकऱ्याचं. नानांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, नीट बघितलं आणि म्हणाले, "ही ओंबी कच्ची आहे." त्यांचं भाषण एवढंच. मी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांपेक्षा जोरात.

तीन महिने मी त्यांच्याकडे फिरकले नाही. मग एका रविवारी गेले. दोन खोल्यांचं घर, वर उघडी गच्ची. नाना गच्चीवर होते; तेलाच्या डब्याचं पावसाचं माप त्यांनी तिथे बसवलं होतं. काकूंनी मला बसवलं, चहा टाकला आणि कपाटातून ती वही काढून माझ्यापुढे धरली.

"बघ. दर वर्षी दोन-अडीच पानं होतात. यंदा एकच ओळ."

ओळ पेन्सिलीने लिहिली होती. 'मार्चचा चंद्र मी चुकवला असं पान तीनवर छापलं. तो मी चुकवला नव्हता. खोटं छापलं, ही माझी चूक. पूर्ण.'

"मी म्हटलं, मग चुकवला कोणी?" काकू म्हणाल्या. "तर म्हणतात, ते माझ्या वहीत बसत नाही. आणि एक बाई आहे म्हणे भोपळेवाली. तिला एप्रिलमध्येच पत्र टाकलं होतं यांनी, तुमचे डोळे चांगले आहेत म्हणून. मला आत्ता सांगतात." त्यांनी कप माझ्याकडे सरकवला. "तुला माहीत असेल ना, कोणी चुकवला?"

मी चहा प्यायले. चांगला झालाय म्हटलं. नाना खाली यायच्या आत निघाले. मूग गिळून बसायची मला एवढी सवय झाली होती, की त्यांच्या घरात, त्यांच्या चहासकट ते गिळता आले.

पण ती ओळ काही डोक्यातून जाईना. सोमवारी मी लाल खुणेची ती प्रत घेऊन धाकट्या मालकांच्या खोलीत गेले आणि त्यांच्या टेबलावर ठेवली. म्हटलं, "चंद्र नानांनी नाही, मी चुकवला. ही त्यांची सही, ही तारीख. हे छापा, आणि मला काढायचं तर काढा."

त्यांनी कागद उचलला, सोळावरची खूण बघितली, सही बघितली. मग हसले. वाईट हसले असं मी म्हणणार नाही, अगदी घरच्यासारखं हसले.

"ताई, तुम्हाला कसा काढीन मी? पानं कोण लावणार? तेव्हाच बोलला असतात तर विषय तिथेच मिटला असता." कागद त्यांनी माझ्याकडे परत सरकवला. "आणि आता छापणार कुठे? ते पान तर आपण बंद केलं."

म्हणजे मला कोणी काढणारच नव्हतं. ज्या भीतीने मी फरशीकडे बघत बसले ती कुठेच नव्हती, आणि माझ्यासाठी एका माणसाने आपलं काम, आपलं पान आणि आपलं खरेपण तिन्ही दिली. मी खाली येऊन जागेवर बसले आणि 'आमचे अचूक ठरलेले अंदाज' पानात बसवायला घेतले. अंदाज अकराच भरले. पान भरायला इस्त्रीवाल्या शेतकऱ्याचं चित्र मोठं करावं लागलं.

पान तीन आता नाही, म्हणून हे इथे लिहिते आहे. मार्च. पौर्णिमा सोळा तारखेला होती, आम्ही सत्तावीस छापली. चूक पानं लावणारीची. पूर्ण.